आमची पहिली व्हॉलीबॉल स्पर्धा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी आताच वर्षाचा अहवाल वाचून दाखविला. त्यात हळदीकुंकू आले, भजनस्पर्धा आली, दिवाळीच्या फराळाचा हिशेब आला, आणि अगदी शेवटी एक ओळ आली : 'मंडळाच्या व्हॉलीबॉल संघाने एका स्पर्धेत भाग घेतला.' त्या एका ओळीची हकीकत सांगण्याची आज्ञा मला झाली आहे. मी काही वक्ता नव्हे. तेव्हा घडले तसे सांगते.

पुष्कळ जणी विचारतात, 'या वयात हे खूळ कशाला?' त्यांना मी एवढेच सांगते की, हा खेळ मुळी प्रपंचातल्या माणसांसाठीच निघाला. १८९५ साली अमेरिकेतील होलिओक गावी विल्यम मॉर्गन या व्यायामशिक्षकाने तो काढला, तो बास्केटबॉलची धावपळ आणि धक्काबुक्की ज्यांना झेपत नव्हती अशा नोकरी-धंद्यातल्या प्रौढ मंडळींसाठी. पुढे १९६४ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉल प्रथमच आला, तेव्हा स्त्रियांचे सुवर्णपदक जपानने मिळविले. त्या संघातल्या बहुतेक मुली एकाच कापडगिरणीत नोकरीला होत्या. दिवसा गिरणीचे काम आणि नंतर रात्री उशिरापर्यंत सराव, असा त्यांचा क्रम. त्यांच्या पंगतीला आम्ही बसत नाही. पण काम आटोपून मैदानावर जाणे हे काही जगावेगळे नाही, एवढे त्यावरून दिसते.

आमचा संघ सात जणींचा. मैदानावर सहा लागतात. म्हणजे राखीव फक्त एक. सर्वांत धाकटी चोवीस वर्षांची, सर्वांत वडील काकू त्रेपन्न वर्षांच्या. काकू शाळेत असताना खेळलेल्या. त्या वेळी ज्याची सर्व्हिस त्यालाच गुण मिळत असे, आणि डाव पंधराचा असे. १९९९ पासून तो नियम गेला. आता प्रत्येक चेंडूला गुण आणि डाव पंचविसाचा. काकूंना हे पटायला दोन महिने लागले. 'सर्व्हिस त्यांची नव्हती, मग गुण कसला?' असे त्या पंचांनाही विचारीत!

बायकांची जाळी सव्वासात फुटांहून थोडी उंच, म्हणजे २.२४ मीटर. पहिल्या दिवशी ती पाहून छाती दडपली. परंतु खरी अडचण जाळीची नव्हे, दुसरीच निघाली. दोघींच्या मधे चेंडू आला की दोघीही थबकत. एक म्हणे, 'घ्या ना वहिनी', दुसरी म्हणे, 'तुम्ही घ्या', आणि चेंडू दोघींच्या मधे धप्पकन् जमिनीवर! या खेळात चेंडू ज्याने घ्यायचा त्याने मोठ्याने 'माझा!' म्हणून ओरडायचे असते. भगिनींनो, हा एक शब्द आम्हाला काही केल्या येईना. ताटातला शेवटचा लाडू दुसऱ्याला देण्याची सवय लागलेल्या आम्ही. 'माझा' म्हणायला जीभ रेटेना.

त्यातून आमच्या एका वहिनींची काळजी होती. संघात चेंडू मारण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नाही. पण घरून परवानगी मिळाली होती ती एकाच स्पर्धेपुरती. सासूबाईंनी स्पष्ट सांगितले होते, 'एकदा हौस पुरी करून घे, मग पुरे.' त्या गेल्या असत्या तर उरलो असतो नेमक्या सहा. मग कोणाच्या घरी पाहुणे आले किंवा कोणाचा पाय मुरगळला की संघ संपलाच.

डिसेंबरातला रविवार होता. नाशिकची थंडी तुम्ही जाणताच. सकाळी सात वाजता चेंडू हातावर बसला की दगड बसल्यासारखा वाटे. आमचे तीन सामने. पहिला कॉलेजच्या मुलींशी. त्यांनी आम्हाला ९ आणि ११ गुणांवर गुंडाळले. दुसऱ्यातही हरलो, पण १७ आणि १९ गुण झाले. तेवढ्यात पाहतो तो दोरीपलीकडे वहिनींच्या सासूबाई! नातवाचे बोट धरून, शाल पांघरून रिक्षाने आल्या होत्या. सून ट्रॅक पॅंटमध्ये आणि सासूबाई समोर; वहिनींचा चेहरा उतरला.

तिसरा सामना आमच्यासारख्याच गृहिणींशी. पहिला डाव आम्ही २५-२२ असा जिंकला! दुसरा २०-२५ असा गेला. तिसरा डाव पंधराचा. ११-१३ असे मागे असताना चेंडू उंच उडाला आणि काकू व वहिनी यांच्या बरोबर मधे येऊ लागला. आमचा श्वास अडकला. इतक्यात वहिनी ओरडल्या, 'माझा!' असा आवाज की शेजारच्या मैदानावरचे लोक वळून पाहू लागले. काकू तत्काळ बाजूला झाल्या. वहिनींनी चेंडू वर उचलला, धाकटीने तो जाळीजवळ नीट बसविला आणि वहिनींनीच धावत येऊन तो पलीकडे आपटला. गुण! पुढे आम्ही १३-१५ असे हरलो. पण त्या डावात एकही चेंडू दोघींच्या मधे पडला नाही.

नंतर सगळ्या मिसळ खायला बसलो. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, 'अकरा वर्षांत हिचा एवढा आवाज घरात ऐकला नाही.' आम्हाला वाटले, झाले, आता बोलणी बसणार. पण त्या सुनेकडे वळून म्हणाल्या, 'उद्या सरावाला किती वाजता जायचंय? दूध मी तापवीन.'

तिन्ही सामने हरून आलेल्या संघाकडे पुढच्या पंधरवड्यात पाच नव्या जणी आल्या. आज आम्ही बारा आहोत, म्हणजे समोरासमोर दोन संघ पुरे.

या खेळातला एक नियम मला फार आवडतो. दुसऱ्या बाजूकडून सर्व्हिस आपल्याकडे आली की घड्याळाच्या काट्याप्रमाणे सर्वांनी एकेक जागा सरकायचे. कायम पुढे राहण्याची मुभा कोणाला नाही, आणि कायम मागे राहण्याची सक्तीही कोणावर नाही. आपल्या घरांतही कामाची अशी फिरती पाळी असती, तर किती बरे झाले असते!

मंडळाकडे आमची मागणी थोडी आहे. जाळी विरली आहे, ती नवी हवी. संध्याकाळचा तासभर मुले सांभाळायला कोणी पुढे आल्या, तर आणखी चार जणी येतील. आणि ज्यांना खेळणे जमणार नाही त्यांनी गुण लिहायला यावे. तेही काम मोलाचे आहे. उद्या सायंकाळी सहा वाजता मैदानावर या. चेंडू आम्ही देऊ. 'माझा' मात्र तुम्हीच म्हणायचे आहे.