दोष यंत्राचा की हाताचा?

(गोरवा येथे गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



बाप्पासमोर बंदुकीवर बोलणार म्हटल्यावर घरातूनच डोळे वटारले गेले! पण या खेळात जीव जात नाही, तबकडी फुटते. बिकानेरचे महाराजा करणीसिंह यांनी 1962 साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत याच खेळात रौप्यपदक मिळवले, तर राज्यवर्धनसिंह राठोड यांनी 2004 साली अथेन्स ऑलिंपिकमध्ये.

मी डिप्लोमावाला, सरकारी नोकर. रजा आणि ना-हरकत दाखला मिळवून अमेरिकेत बहिणीकडे गेलो, तेव्हा भाचीची स्पर्धा पाहिली. प्रकाराचे नाव 'स्कीट'. मैदानाच्या दोन टोकांना एक उंच आणि एक ठेंगणी खोली, तिथून तबकड्या उडतात. नेमबाज अर्धवर्तुळावर जागा बदलत एका फेरीत 25 बार काढतो. तबकडीला 'मातीची' म्हणतात, पण असते चुनखडीची भुकटी आणि डांबराची. रुंदी जेमतेम 11 सेंटिमीटर.

भाचीची बंदूक 28 बोअरची. म्हणजे एक पौंड शिशाच्या सारख्या 28 गोळ्या केल्या, तर एका गोळीची जी जाडी, तेवढी नळी. म्हणून आकडा मोठा तर नळी लहान. बारा बोअरच्या काडतुसात सुमारे 32 ग्रॅम छर्रे, हिच्यात 21. छर्रे कमी, तशी चुकीला माफीही कमी.

त्यातून ती पंप बंदूक. गोरव्याच्या कारखान्यांत हात काळे केलेल्यांना तिची रचना लगेच कळेल. बार झाला की नळीखालची मूठ मागे ओढायची, रिकामे काडतूस बाहेर. पुढे ढकलायची, नवे आत. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पंप चालत नाही, पण अमेरिकेत तिची जुनी हौस आहे. विंचेस्टरची 1912 सालची प्रसिद्ध पंप बंदूक आधी 20 बोअरमध्येच निघाली होती.

खरी कसोटी जोडीची. दोन्ही खोल्यांतून तबकड्या एकदम सुटतात. पहिली फोडून, मूठ ओढून, लगेच दुसरी. भाचीने पहिली फोडली. दुसरीला घोडा दाबला, तर आवाजच नाही. तबकडी अख्खी खाली पडली.

पंचांनी विचारले, "बंदूक बिघडली का?" 'हो' म्हटले असते तर कदाचित पुन्हा संधी मिळाली असती. ती म्हणाली, "नाही, मीच मूठ पूर्ण ओढली नाही." फेरीत गुण 24. एका तबकडीने नंबर हुकला.

गाडीत मी हळहळलो. ती म्हणाली, "मामा, बंदुकीवर ढकललं असतं तर माझा हात कधी सुधारला असता?"

मंडळी, मी गप्प बसलो. यंत्र बंद पडले की अहवालात 'यांत्रिक बिघाड' लिहून मोकळे होण्यात माझी वीस वर्षे गेली. परतल्यावर पहिल्याच अहवालात लिहिले, 'तेलपाणी वेळेवर झाले नाही', आणि खाली माझीच सही केली. हात जरा थरथरला, पण झोप चांगली लागली.

गणपती बाप्पा मोरया!