खचलेल्या मनास आधार



आज आम्ही आमच्या घरचीच गोष्ट, आमच्या धाकट्या बंधूंच्या अनुमतीने, सांगणार आहोत.

हसतमुख असलेले बंधू एकाएकी अबोल झाले. पहाटे तीनलाच जागे होत, ताट तसेच सारीत. आम्ही पडलो शिक्षक, उपदेश केला, "मन घट्ट कर. तुला कमी काय आहे?" पाय मोडलेल्यास 'धाव' म्हणण्यासारखेच ते होते. घरात पुतणी उपवर; बोभाटा झाल्यास सोयरीक जमणार नाही, या भीतीने सहा महिने आम्ही ते दुखणे झाकले. एके रात्री ते म्हणाले, "दादा, मी नसलो तर तुम्ही सारे सुटाल." दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही मानसोपचारतज्ज्ञांचे दार गाठले.

तेथे आम्हीच विद्यार्थी झालो. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, निद्रानाश, अरुची टिकली तर तो आळस नव्हे, आजार होय. औषधाचा गुण दिसावयास काही आठवडे लागतात. बरे वाटले म्हणून ते आपल्या मनाने बंद करू नये. "जीव नकोसा वाटतो का?" असे सरळ विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट ओझे हलके होते. उत्तर 'होय' आले तर त्या माणसास एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशके कुलपात ठेवावीत व तत्काळ वैद्यकीय साहाय्य घ्यावे. शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून अहोरात्र उपलब्ध आहे. तेथे मराठीतही बोलता येते.

त्यानंतर आम्ही उपदेश सोडला. भावजय औषधाची वेळ पाळी. आम्ही सायंकाळी त्यांच्यासवे निमूट फिरावयास जात असू. कित्येक दिवस ते एक शब्दही बोलले नाहीत. पुढे एकदा वाटेत त्यांनीच विचारले, "दादा, यंदा आंब्याला मोहोर कसा आहे?" त्या प्रश्नाने आमचे डोळे भरून आले.

पुतणीच्या वेळी आम्ही सारे उघड सांगितले. एक स्थळ परतले. दुसऱ्या घराने मात्र तिचा सन्मानाने स्वीकार केला.

आमच्या संस्थेच्या वधूवर मेळाव्यात मधुमेहाविषयी जितक्या सहजतेने बोलले जाते, तितक्याच सहजतेने याही आजाराविषयी बोलले जावो. झाकल्याने दुखणे वाढते, आणि जीवापुढे अब्रूची मातब्बरी नाही, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.