हस्तलिखिताचा सांगाडा



मराठीत विज्ञान कसं लिहावं, परिभाषा कशी असावी यावर या व्यासपीठावर पुष्कळ बोलून झालं आहे. आज मी लिहून झालेल्या मजकुराबद्दल बोलणार आहे. तो कुठे राहतो, कोणत्या रूपात राहतो आणि वीस वर्षांनी आपल्याला परत सापडतो का, हा माझा विषय आहे.

१९९६ साली माझं संख्याशास्त्राचं पाठ्यपुस्तक निघालं. २०११मध्ये दुसरी आवृत्ती काढायचं ठरलं तेव्हा छापखान्यातून मूळ फाइल मागवली. ती उघडली आणि पडद्यावर रोमन अक्षरं, स्वल्पविराम, डॉलरची चिन्हं यांचा नुसता गाळ दिसला. ज्या फॉन्टात ती जुळवली होती तो कुणाकडेच उरला नव्हता. त्या काळच्या बहुतेक मराठी फॉन्टांमध्ये रोमन अक्षरांच्याच जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. फॉन्ट गेला की भाषा गेली. पुढे एका रूपांतरकाने अक्षरं परत मिळवून दिली, तरी पुस्तक काही परत मिळालं नाही. प्रमेय कोणतं, उदाहरण कोणतं, कोणती तळटीप कुठल्या वाक्याची, यातलं काहीच त्या फाइलीत नव्हतं. ‘ही ओळ चौदा पॉइंटात, ठळक’ एवढंच यंत्राला सांगितलं होतं, म्हणून तेवढंच त्याने जपलं. प्रमेय आणि धड्याचं नाव दोन्ही चौदा पॉइंटात आणि ठळकच होती.

खिळ्यांच्या छपाईत असं होत नसे. लेखक समासात पेन्सिलीने लिहीत असे: इथे मथळा, हे अवतरण, ही तळटीप. खिळे जुळवणारा ते वाचून कोणता टाइप लावायचा, किती जागा सोडायची हे ठरवत असे. निर्णयसागरसारख्या छापखान्याचे संस्कृत ग्रंथ उघडून बघा. मूळ, टीका आणि पाठभेद एकाच पानावर असूनही आपापल्या जागी बसलेले दिसतात. ‘हे काय आहे’ ते लेखक-संपादकाने सांगायचं आणि ‘हे कसं दिसेल’ ते जुळाऱ्याने बघायचं, अशी ती वाटणी होती. डीटीपीने दोन्ही कामं एकाच पडद्यावर आणली आणि त्या गर्दीत पहिलं काम हरवलं.

आज मी ज्या लिक्स या मुक्त लेखनप्रणालीबद्दल बोलणार आहे, तिने ही वाटणी परत आणली आहे. ती कुणालाही विनामूल्य मिळते आणि विंडोज, लिनक्स, मॅक या तिन्हींवर चालते.

तिच्या पायाशी टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली आहे. १९७७ साली डोनाल्ड क्नुथ यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी प्रुफं आली. जुनी धातूच्या खिळ्यांची पद्धत जाऊन फोटो-अक्षरजुळणी आली होती, आणि ती पानं त्यांना बघवेनात. त्यांनी हातातलं लेखन बाजूला ठेवून ही प्रणाली स्वतःच लिहायला घेतली. थोडक्या महिन्यांत उरकेल असं वाटलेलं काम दहाएक वर्षं चाललं. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावर लाटेक उभं केलं आणि त्यात ‘प्रकरण’, ‘विभाग’, ‘प्रमेय’ अशा आज्ञा आणल्या. गणिताचं जग तेव्हापासून त्यावर चालतं.

मराठी लेखकाला मात्र लाटेक थेट लिहिताना एक वेगळाच जाच होतो. आज्ञा रोमन लिपीत आणि मजकूर देवनागरीत. दर दोन शब्दांनी कळफलक बदलावा लागतो आणि एखादा महिरपी कंस निसटला की पान बनतच नाही. माझ्या परिचयाच्या दोन उत्तम विज्ञानलेखकांनी याच कारणाने लाटेक सोडलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

१९९५ साली ट्यूबिंगेन विद्यापीठात शिकणाऱ्या मॅथियास एट्रिख यांनी लिक्स लिहायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी त्यांनी केडीई हा प्रकल्प जाहीर केला, तो लिनक्स वापरणाऱ्यांना ठाऊक असेल. लिक्समध्ये आज्ञा लिहाव्या लागत नाहीत. वरच्या कोपऱ्यातल्या यादीतून ही ओळ प्रकरणाची, हा परिच्छेद अवतरणाचा, एवढं निवडायचं. बाकी लाटेक मागे बसून करतं. पडद्यावर छापील पान दिसत नाही, पण आपल्याला काय म्हणायचं आहे ते दिसतं.

लिक्स मी प्रथम वापरलं तेव्हा दोन शब्दांमध्ये सवयीने दोनदा जागा सोडली. दुसरी जागा पडेना. ओळ सोडावी म्हणून एंटर दोनदा दाबलं, तर रिकामी ओळही येईना. मी चिडलो. मग लक्षात आलं की आमच्याकडे मथळा मध्यावर आणायला चाळीस वेळा स्पेसबार दाबतात आणि नवं पान हवं म्हणून एंटर दाबत सुटतात. त्या सगळ्या सवयीला ही प्रणाली पहिल्याच मिनिटाला नकार देते. जागा किती सोडायची हे जुळाऱ्याचं काम आहे, ते लेखकाच्या हातात ती देत नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी आता हाच नकार सगळ्यात आधी दाखवतो.

एकदा रचना सांगितली की तिचं फळ लगेच मिळतं. बाजूच्या रूपरेषेतून तिसरं प्रकरण उचलून पाचव्या जागी ठेवा. प्रकरणांचे, आकृत्यांचे, समीकरणांचे क्रमांक बदलतात आणि ‘आकृती पाहा’ असं जिथे जिथे म्हटलं असेल तिथेही नवा क्रमांक येतो. शाखा नावाची एक सोय आहे. माझ्या पुस्तकातल्या उदाहरणांची उत्तरं मी एका शाखेत ठेवली आहेत. शाखा चालू केली की शिक्षकांची प्रत निघते, बंद केली की विद्यार्थ्यांची. फाइल एकच राहते, त्यामुळे एकीत केलेली दुरुस्ती दुसरीत राहून गेली असं होत नाही. आणि ती फाइल साधा मजकूर असते. उद्या लिक्स नसलं तरी कुठल्याही साध्या मजकूर-संपादक प्रणालीत ती उघडेल आणि मराठी वाचता येईल.

आता नव्या आवृत्त्यांकडे येतो. मराठीसाठी खरं दार उघडलं ते २०११च्या २.० आवृत्तीत. त्याआधी टेकमध्ये देवनागरी नव्हती असं नाही. फ्रान्स वेल्थुइस यांनी १९९१च्या सुमारास नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठात देवनागरीची सोय केली होती, आणि संस्कृतच्या कित्येक अभ्यासकांचं काम तिच्यावर झालं. पण तिथे रोमन लिप्यंतर टंकावं लागे. जोनाथन क्यू यांच्या झीटेकने २००४ साली युनिकोड आणि पुढे ओपनटाइप फॉन्टही थेट टेकमध्ये आणले. लिक्स २.०ने झीटेक आणि त्याच धर्तीचं लुआटेक हे दोन्ही मार्ग खुले केले. दस्तऐवजाच्या मांडणीत टेकबाहेरचे फॉन्ट वापरण्याची खूण केली की संगणकावरचा कुठलाही युनिकोड देवनागरी फॉन्ट चालतो: एक टाइपचा मुक्त, आयआयटी मुंबईत घडलेला शोभिका, कुठलाही.

इथे आपल्या लिपीबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. हा फरक दाखवणारा आडवा रफार मराठीची खास गरज आहे. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा २००८ साली मिळाली. मराठी ल आणि श यांची वळणं हिंदीहून वेगळी आहेत. चांगल्या फॉन्टात दोन्ही वळणं असतात, पण कोणतं लावायचं हे फॉन्टला कळावं म्हणून मजकुराची भाषा मराठी आहे, असं सांगावं लागतं. लाटेकच्या पॉलिग्लोसिया या पॅकेजात मराठीची सोय आहे, आणि शब्द ओळीच्या शेवटी कुठे तोडायचा याचे मराठी नियमही टेकच्या संग्रहात आहेत. म्हणजे ‘हे मराठी आहे’ असं सांगणं हीसुद्धा रचनाच झाली. ते न सांगता छापलेलं पुस्तक मराठी शब्दांचं असतं, पण ल आणि श हिंदी वळणाचे येतात. अशी पाठ्यपुस्तकं मी पाहिली आहेत आणि मला ती खुपतात.

२०१८च्या २.३ आवृत्तीत संदर्भसूचीसाठी बिबलाटेक या पॅकेजचा थेट आधार आला. प्रबंध लिहिणाऱ्यांना तो उपयोगी आहे, एवढंच नोंदवतो. मला थांबायचं आहे ते २०२४च्या २.४ आवृत्तीपाशी. तिच्यात नव्या फाइलींसाठी यूटीएफ-८ हीच नेहमीची संकेतपद्धती झाली. मजकूर युनिकोडमध्ये टंकला, तर सुरुवातीला ज्या गाळाची गोष्ट सांगितली तो तिथे साचत नाही. दुसरी भर डॉकबुक ५ या रचनाप्रधान फाइल-प्रकाराची आणि तिच्या आधारे थेट ईपब पुस्तक काढण्याची.

ईपबचं महत्त्व आपल्याकडे अजून पुरेसं ओळखलेलं नाही. आमचे बहुतेक विद्यार्थी पुस्तक फोनवर वाचतात. डेमी आकाराच्या पीडीएफचं पान ते बोटांनी मोठं करतात, ओळ डावीकडून उजवीकडे सरकवतात आणि तळटीप आली की सोडून देतात. ईपबमधला मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे वाहतो. आणि जो विद्यार्थी डोळ्यांनी वाचू शकत नाही, त्याचं वाचकयंत्र मथळ्यांवरून उड्या मारत पुढे जातं. मथळा ‘मथळा’ म्हणून नोंदलेला नसेल, नुसता ठळक केलेला असेल, तर त्याला पहिल्या ओळीपासून सगळं पुस्तक ऐकत बसावं लागतं. लेखकाने लिहिताना केलेली एक निवड त्या मुलाचे कितीतरी तास वाचवते. या एका कारणासाठीही मी लिक्सची शिफारस करेन.

मर्यादाही सांगायला हव्यात. मध्येच हाताने घुसवलेल्या लाटेकच्या आज्ञा ईपबमध्ये नीट उतरत नाहीत, म्हणून तो मोह आवरावा. सचित्र मासिक, जाहिरात, बालपुस्तक अशा कामांसाठी हे साधन नव्हे. आणि आपले बहुतेक प्रकाशक वर्डची फाइल मागतात, ही अडचण आज खरी आहे.

काही काम आपल्यालाच करायचं आहे. आपल्या वर्णमालेत ‘ह’नंतर ळ, क्ष आणि ज्ञ येतात. यंत्राला तसं शिकवलं नाही, तर सूचीत ‘क्षेत्रफळ’ हा शब्द ‘क’च्या पोटात जातो आणि ‘ळ’ ‘ल’च्या मागे जाऊन बसतो. मराठी ग्रंथाला अर्पणपत्रिका, मनोगत, ऋणनिर्देश, शुद्धिपत्र आणि परिभाषासूची असते. लिक्समध्ये कुठल्याही ग्रंथप्रकाराची रचना एका साध्या मजकूर-फाइलीत लिहिता येते. मराठी ग्रंथाची अशी फाइल आपल्यातल्या चौघा-पाचजणांनी एकत्र बसून तयार करावी आणि सर्वांना मुक्तपणे द्यावी. मुद्रितशोधकांनी त्यात असायलाच हवं, कारण पानावर काय कुठे असतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. माझ्या दुसऱ्या आवृत्तीसाठी केलेली रचना मी त्यासाठी देतो.

लेखकांना एक विनंती. प्रकाशकाशी करार करताना मानधनाच्या कलमाखाली आणखी एक कलम घाला: पुस्तकाची अंतिम, युनिकोडमधली, मथळे आणि तळटिपा नोंदलेली मूळ फाइल लेखकाला मिळेल. आणि ती मिळाली की त्याच दिवशी उघडून बघा.