संकट मोठें, माणूस लहान



जग उद्ध्वस्त झालें आहे, राज्यकर्ते क्रूर आहेत, अन्नपाण्याची ददात आहे, आणि अशा स्थितींत एक तरुण व एक तरुणी जीव वांचवितां वांचवितां परस्परांच्या प्रेमांत पडतात. अशा कथानकाच्या इंग्रजी कादंबऱ्या आपल्या घरांतील मुलगे-मुली आज आवडीनें वाचतात. त्या वाचनाला नाक मुरडण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु यांपैकीं पुष्कळ पुस्तकें मिटल्यावर मनांत कांहींच कां उरत नाहीं, एवढा विचार आज करूं.

पहिलें कारण पात्रांत आहे. संकटापूर्वीं नायकाला कांहीं आयुष्य होतें, असें वाटतच नाहीं. त्याचा धंदा कोणता, त्याच्यावर कोणाचें ऋण, कोणती गोष्ट तो मेला तरी करणार नाहीं, याचा पत्ता नसतो. नायिका शूर व सुंदर असते. याहून अधिक तिची ओळख होत नाहीं. दोघांचीं नांवें बदललीं तरी कथेला धक्का लागत नाहीं.

दुसरें कारण असें कीं, भय पुष्कळ असतें, पण कोणाला कांहीं गमवावें लागत नाहीं. गोळ्या दुय्यम पात्रांना लागतात. तहानेनें जीव जाणार, तोंच विहीर सांपडते.

आपल्या भागाला संकट पुस्तकांतून समजून घ्यावें लागत नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपानें किल्लारी व आसपासचीं गांवें जमीनदोस्त केलीं. २०१६ च्या एप्रिलांत लातूरला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. अशा दिवसांत घरांत एकच घागर असली, तर पहिला पेला तापानें फणफणलेल्या मुलाला, म्हाताऱ्या सासूला, कीं दाराशीं उभ्या असलेल्या शेजारणीला, हा प्रश्न उभा राहतो. कांहींही ठरविलें तरी कोणी तरी दुखावणारच. खरी कादंबरी तेथें सुरू होते.

महाभारताच्या वनपर्वांतील नलदमयंतीची कथा या दृष्टीनें पाहा. नल द्यूतांत राज्य हरतो; वनांत त्याचें वस्त्रही पक्षी घेऊन उडून जातात. दोघांत एकच वस्त्र उरतें. दमयंती निजली असतां तो तें अर्धें कापतो आणि तिला सोडून निघतो; आपण दूर झालों तर ती माहेरीं पोंचेल, अशी त्याची समजूत असते. तो जातो, परत येऊन तिला पाहतो, पुन्हा जातो. वनांतील श्वापदांपेक्षां तें अर्धें वस्त्र आपल्याला अधिक अस्वस्थ करतें, कारण प्रेम करणाऱ्याच्याच हातून तें कापलें गेलें.

जॉर्ज ऑर्वेल यांच्या १९४९ सालच्या 'नाइन्टीन एटी-फोर' या कादंबरींतही, छळापुढें नमलेला विन्स्टन, हें मला नको, जूलियाला करा, असें ओरडतो. पुढें दोघेही जिवंत राहतात. प्रेम मात्र उरत नाहीं. सुझान कॉलिन्स यांच्या २००८ सालच्या 'द हंगर गेम्स'मध्यें कॅटनिस धाकट्या बहिणीऐवजीं स्वतः मृत्यूच्या खेळांत उतरते. मागाहून आलेल्या कित्येक लेखकांनीं तो खेळ तेवढा उचलला. बहीण मागेंच राहिली.

तेव्हां घरांतील मुलानें असें पुस्तक वाचून संपविलें, म्हणजे त्याला रागें भरूं नये. "या नायकानें आपण होऊन काय सोडलें?" एवढेंच विचारावें. नीट उत्तर मिळालें, तर तें पुस्तक आपणही त्याच्याकडून मागून घेऊन वाचावें.