अल्लाह एक, मग उपासना तीन तऱ्हेच्या का?

(युवक-युवतींच्या अभ्यास शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



काल रात्री तुमच्याकडून प्रश्नांच्या चिठ्ठ्या घेतल्या. त्यातल्या एका चिठ्ठीवरच मी आज बोलणार आहे. एका मैत्रिणीने विचारले आहे, "यहुदी, ख्रिस्ती आणि आपण तिघेही हजरत इब्राहीम यांना मानतो. ईश्वर एकच आहे असे तिघेही म्हणतो. मग त्यांचा शनिवार, यांचा रविवार आणि आपला शुक्रवार असे का? आणि खरी पद्धत कोणती?"

या चिठ्ठीत दोन प्रश्न आहेत. 'असे का' हा इतिहासाचा प्रश्न आहे आणि 'खरी कोणती' हा श्रद्धेचा. आपल्याकडे गडबड अशी होते, की पहिला प्रश्न कुणी विचारतच नाही आणि दुसऱ्यावरून भांडणे सुरू होतात. म्हणून आधी पहिला प्रश्न घेऊ.

वारापासूनच सुरुवात करू. तौरातमध्ये सांगितले आहे, की ईश्वराने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली आणि सातव्या दिवशी विश्राम घेतला. म्हणून यहुदी शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्र होईपर्यंत शब्बाथ पाळतात. त्या काळात काम नाही, व्यापार नाही, विस्तव पेटवायचा नाही. ख्रिस्ती लोकांच्या श्रद्धेनुसार येशू रविवारी पुन्हा जिवंत झाले. त्यामुळे त्यांची सामुदायिक प्रार्थना रविवारी होऊ लागली. पुढे इ.स. ३२१मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने रविवारी विश्रांती घेण्याचा हुकूम काढला आणि रविवार सुटीचाही वार झाला.

आता आपला शुक्रवार. पवित्र कुरआन सांगते, की सहा दिवसांत सृष्टी निर्माण करून अल्लाहला थकवा आला नाही. त्यामुळे जुम्मा हा मुळात विश्रांतीचा वार नाहीच. सूरह जुमुआमध्ये आदेश आहे तो अजान झाली की व्यवहार थांबवून नमाजला या, आणि नमाज संपली की पुन्हा जमिनीवर पसरून रोजी शोधा, असा. म्हणजे तीन वारांमागे ईश्वराविषयीच्या तीन वेगवेगळ्या धारणा आहेत. कर्मकांड वरून दिसते, पण त्याच्या पोटात श्रद्धा असते. श्रद्धा वेगळी झाली, की विधीही वेगळा होतो.

दुसरे कारण इतिहासातले आघात. यहुदी धर्मात पशुबळी जेरुसलेमच्या मंदिरात दिला जात असे. इ.स. ७०मध्ये रोमन सैन्याने ते मंदिर पाडले. बळी देण्याची जागाच राहिली नाही. मग धर्मपंडितांनी धर्म मोडू दिला नाही. मंदिरातल्या बळींच्या वेळांशी जोडून रोजच्या तीन प्रार्थना आणि धर्मग्रंथाचे अध्ययन हीच उपासना, असे त्यांनी सांगितले. ख्रिस्ती विचार दुसऱ्या वाटेने गेला. येशूचे बलिदान हेच शेवटचे बलिदान, आता पशूची गरज नाही, असे तो म्हणतो. म्हणून चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस असतो. इस्लाममध्ये कुर्बानी राहिली, पण तिला मंदिर लागत नाही आणि पुरोहितही लागत नाही. ती घराघरांत होते, तिचे मांस गरिबांपर्यंत जाते. आणि सूरह हजमध्ये स्पष्ट केले आहे, की अल्लाहपर्यंत मांस पोहोचत नाही, रक्त पोहोचत नाही, पोहोचतो तो तुमचा तकवा. बळीच्या एकाच जुन्या परंपरेला अशा तीन वाटा फुटल्या.

तिसरे कारण थोडे नाजूक आहे. नवा समाज उभा राहतो, तेव्हा त्याला 'आम्ही कोण' हे सांगावे लागते. मदिनेत पैगंबर साहेब आणि त्यांचे सहकारी सुरुवातीला जेरुसलेमकडे तोंड करून नमाज पढत. सुमारे सोळा-सतरा महिन्यांनी किबला काबागृहाकडे वळला. मदिनेतले यहुदी हजरत मूसांच्या सुटकेची आठवण म्हणून आशुराचा रोजा धरत. पैगंबर साहेबांनी तोही रोजा धरला, असे हदीसमध्ये आहे. पुढे रमजानचे रोजे फर्ज झाले आणि आशुराचा रोजा ऐच्छिक राहिला. नमाजला कसे बोलवायचे, यावरही चर्चा झाली. कुणी ख्रिस्त्यांसारखी घंटा सुचवली, कुणी यहुद्यांसारखे शिंग. शेवटी माणसाचा आवाज ठरला आणि तो मान हजरत बिलाल यांना मिळाला, ज्यांनी गुलामगिरी भोगली होती.

ख्रिस्ती समाजातही हेच घडले. ईस्टर कधी साजरा करायचा, हे काही ठिकाणी यहुद्यांच्या वल्हांडण सणावरून ठरत असे. इ.स. ३२५च्या निकियाच्या धर्मपरिषदेत ठरले, की यापुढे यहुदी गणनेवर अवलंबून राहायचे नाही. यहुदी पंचांगात एकोणीस वर्षांत सात वेळा अधिक महिना धरतात, म्हणून त्यांचे सण ऋतू सोडत नाहीत. पवित्र कुरआनने महिने असे मागेपुढे करण्याला मनाई केली. त्यामुळे आपला रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि सुमारे तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. कधी मे महिन्याच्या उन्हात, तर कधी डिसेंबरच्या छोट्या दिवसांत.

इथे कुणी म्हणेल, हे तर अल्लाहचे आदेश आहेत, तुम्ही त्यांना इतिहास का लावता? माझे म्हणणे एवढेच आहे, की आदेशसुद्धा माणसांच्या परिस्थितीतच उतरतो. आयत कोणत्या प्रसंगी उतरली याचा अभ्यास, म्हणजे शान-ए-नुजूल, आपल्याच उलेमांनी उभा केला. त्याने त्यांची श्रद्धा कमी झाली नाही.

चौथे कारण माती. यासाठी फार लांब जायला नको. आपल्या अलिबाग, रेवदंडा परिसरातले बेने इस्रायली पिढ्यान् पिढ्या तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. म्हणून गाव त्यांना 'शनवार तेली' म्हणे. हे लोक घरात मराठी बोलत. त्यांच्या जुन्या नोंदींत उपासाला 'रोजा' हा शब्द सापडतो आणि एलूल महिन्यातल्या उपासांना तर 'रमजान' म्हटलेले आहे. एलियाहू हन्नबी या पैगंबराच्या नावाने ते मलिदा करतात, त्यात गोड पोहे, खोबरे आणि फळे असतात. आपल्या घरांत नियाजसाठी मलिदा होतो, तो चुरलेल्या पोळीचा. नाव एकच, पदार्थ वेगळा, दुआ वेगळी. वसईच्या चर्चमध्ये आज मिस्सा मराठीत होते. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी तीच मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर भाषा बदलली.

आता दुसरा प्रश्न, खरी पद्धत कोणती? मुसलमान म्हणून मी माझ्या पद्धतीने नमाज पढतो आणि तीच मला खरी वाटते. पण इतरांच्या वेगळेपणाकडे मी कसे पाहावे, हे मला पवित्र कुरआन सांगते. सूरह माइदाच्या ४८व्या आयतीचा आशय असा आहे : प्रत्येक समुदायाला आम्ही वेगळा कायदा आणि वेगळा मार्ग दिला. अल्लाहने ठरवले असते तर तुम्हाला एकच समुदाय केले असते. पण दिलेल्या गोष्टींत तुमची परीक्षा आहे, म्हणून चांगल्या कामांत एकमेकांशी स्पर्धा करा. वेगळेपण हा इथे अपघात मानलेला नाही, त्याला परीक्षा म्हटले आहे. अठराव्या शतकात शाह वलिउल्लाह देहलवी यांनी दीनचे मूळ एकच आणि शरीअती मात्र काळ आणि लोक पाहून वेगवेगळ्या, असे मांडले. मौलाना आझादांनी सूरह फातिहाच्या भाष्यात हाच धागा पुढे नेला.

हे सगळे तुम्हाला का सांगतो आहे? मागे एका व्याख्यानानंतर एक विद्यार्थी मला भेटला. त्याचा वर्गमित्र ख्रिस्ती. दरवर्षी तो नाताळला त्याच्या घरी जायचा. त्या वर्षी गेला नाही, कारण मोबाइलवर कुणा वक्त्याने सांगितले होते, की शुभेच्छा देणेही हराम आहे. त्याने मित्राला कारणही सांगितले नाही. नुसते जाणे बंद केले. मैत्री अशी न भांडता संपते, तेव्हा ती जोडायला कुणी येत नाही.

आणि जो मुलगा आज शेजाऱ्याची उपासना सहन करत नाही, तो उद्या आपल्याच मशिदीत भांडतो. कोकणातले आपण बहुतेक शाफई, घाटावरचे बहुतेक हनफी. शाफईंच्या असरची वेळ आधी होते, हनफींची नंतर. कुणी आमीन मोठ्याने म्हणतो, कुणी मनात. चारही इमामांनी हे मतभेद ठेवले आणि एकमेकांचा आदरही ठेवला. आपण मात्र त्यावरून मशिदीच्या कमिट्या फोडतो, सोयरीक मोडतो. तीन धर्मांतला फरक समजून घेतला, तर एका जमातीतला फरक पचवणे जड जात नाही.

सूरह बकरात म्हटले आहे, की पूर्वेला किंवा पश्चिमेला तोंड करणे एवढीच नेकी नव्हे. नातेवाईक, अनाथ, गरीब आणि प्रवासी यांच्यासाठी खर्च करणे, वचन पाळणे, ही नेकी आहे. किबला आपला आपण जरूर जपावा. मात्र आपली नमाज आपल्याला कुठे घेऊन जाते आहे, हेही अधूनमधून तपासावे.

शिबिरातून घरी गेल्यावर एक काम करा. तुमच्या ओळखीच्या एखाद्या ख्रिस्ती किंवा बेने इस्रायली घरी जा. त्यांचा एक विधी नीट विचारून घ्या, तो का करतात तेही विचारा. वाद घालू नका, फक्त ऐका. मग ते तुम्हाला तुमच्या नमाजबद्दल विचारतील. त्या वेळी 'घरात सगळे करतात म्हणून' असे उत्तर द्यावे लागू नये, एवढी तयारी करून जा.