पडदे ओढायचे कोणी?



विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात प्रदर्शन भरवणं हे शहरातल्या मोठ्या संग्रहालयातल्या प्रदर्शनापेक्षा वेगळं काम आहे, असं मी मानतो. विद्यापीठाने प्रदर्शनात आपला अभ्यास उघड करून दाखवायचा असतो; आणि अभ्यासात फसलेलं कामही येतं. हार्वर्ड विद्यापीठाने हे एकदा फार धैर्याने केलं. त्याबद्दलच आज बोलतो.

जानेवारी १९६४मध्ये मार्क रॉथको या अमेरिकन चित्रकाराची पाच प्रचंड चित्रं हार्वर्डच्या होल्योक सेंटर इमारतीत, दहाव्या मजल्यावर लागली. खोली जेवणाची होती. चित्रांची पार्श्वभूमी गडद किरमिजी, खिडक्या मोठ्या, ऊन भरपूर. पडदे ओढलेले असावेत असा रॉथकोचा आग्रह होता. पण तिथून शहर सुरेख दिसायचं, आणि जेवायला येणारी मंडळी पडदे उघडेच ठेवत. चित्रकाराने वापरलेला लिथॉल रेड हा रंग उजेडात तग धरत नाही. तो निळ्या अल्ट्रामरीनमध्ये मिसळलेला होता. वर्षागणिक लाल उडत गेला आणि निळा मागे उरला. पाचही चित्रं सारखी फिकी पडली नाहीत. ज्याच्यावर ऊन जास्त, त्याचं नुकसान जास्त. एक तर पार फिकट निळं झालं. मेजवान्यांतले डाग पडले, कॅनव्हास फाटले, ते निराळंच. अखेर १९७९मध्ये चित्रं उतरवून कोठारात ठेवली.

इथे थोडं थांबतो, कारण प्रदर्शनाच्या व्यवस्थापनाचं मर्म इथेच आहे. उजेडाने होणारं नुकसान साचत जातं आणि ते भरून येत नाही. म्हणून कागदावरची चित्रं, लघुचित्रं, जुनी वस्त्रं यांच्यासाठी संग्रहालयं साधारण ५० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) एवढाच उजेड ठेवतात. तैलचित्रांना २००च्या आसपास चालतो. रोज आठ तास, वर्षाचे ३०० दिवस धरले, तर ५० लक्सवरही वर्षाला १ लाख २० हजार लक्स-तास होतात. त्यामुळे असं नाजूक चित्र तीन-चार महिने लावायचं आणि मग दीर्घकाळ अंधारात विसावू द्यायचं, अशी रीत पडली. चित्र किती दिवस लागलं, कुठे लागलं, किती उजेडात, याची नोंद असेल तरच कुणी एखाद्या मागणीला ‘नाही’ म्हणू शकतं. होल्योक सेंटरमध्ये नेमकी ती व्यवस्था नव्हती. पडदा ओढणं हे कुणाचंच काम नव्हतं.

आता पुढे काय करायचं? पुन्हा रंगवायचं म्हटलं तर रॉथकोने वार्निश दिलेलं नव्हतं. पृष्ठभाग सच्छिद्र, नवा रंग आत मुरला की तो कायमचा, आणि जे पुन्हा काढता येणार नाही ते करायचं नाही, हा संवर्धनशास्त्राचा पाया. म्हणून हार्वर्डच्या संवर्धकांनी रंगाऐवजी उजेड वापरायचं ठरवलं. १९६४मध्ये या चित्रांच्या काढलेल्या रंगीत छायाचित्र-पारदर्शिका होत्या, पण त्याही फिक्या पडलेल्या. त्यांचे रंग संगणकावर परत मिळवले. त्या वेळी न लावलेलं, उजेड न लागलेलं सहावं चित्र ताडून पाहायला होतं. मग आज जिथे जितका रंग कमी आहे, तिथे तेवढाच रंगीत प्रकाश प्रोजेक्टरने टाकायचा! हार्वर्डचे जेन्स स्टेंगर, नारायण खांडेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या कामात एमआयटीतले रमेश रासकर होते. नाशिकचा, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेला हा माणूस. मला याचा अभिमान वाटतो, आणि तो मी लपवत नाही.

नोव्हेंबर २०१४मध्ये, वास्तुविशारद रेन्झो पियानो यांनी नव्याने घडवलेल्या इमारतीत हार्वर्डचं कलासंग्रहालय पुन्हा उघडलं, ते या चित्रांच्या प्रदर्शनासह. चित्रांवर एकही नवा ठिपका नव्हता, तरी ती किरमिजी दिसत होती. मात्र प्रोजेक्टरचा उजेडही अखेर उजेडच. त्याचाही हिशेब धरावा लागतो. आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो त्या प्रदर्शनातला एक नियम: रोज दुपारी चार वाजता प्रोजेक्टर बंद करायचे. चित्रं आज खरोखर कशी आहेत हे आलेल्या प्रत्येकाला पाहता यायचं. एवढी जुळवाजुळव करून साधलेला परिणाम रोज आपल्याच हाताने विझवायचा, हे विद्यापीठालाच शोभतं. फक्त तिकीटविक्रीकडे पाहणारा सहसा हे करणार नाही.

अभ्यास उघड करण्याची हीच वृत्ती तिथल्या रोजच्या कामातही दिसते. हार्वर्डच्या कलासंग्रहालयात अभ्यासक्रमासाठी वेगळी दालनं आहेत. प्राध्यापक आणि अभिरक्षक मिळून त्या सत्राच्या विषयाला हव्या त्या कलाकृती निवडतात, सत्र बदललं की भिंत बदलते. अभ्यासकक्षात आधी वेळ ठरवून कुणालाही कोठारातली वस्तू जवळून पाहता येते. अशी सोय म्हणजे हाताळणी वाढली, उतरवणं-चढवणं वाढलं. प्रत्येक वेळी वस्तूची अवस्था तपासून लिहावी लागते: कुठे चीर आहे, कुठे रंग सुटतोय, चौकटीचा कोपरा कसा आहे. हे किचकट काम आहे, पण त्यावाचून विद्यार्थ्याच्या समोर मूळ चित्र ठेवण्याचा अधिकार कुणी घेऊ नये.

आपल्या विद्यापीठांच्या सभागृहांत, कुलगुरूंच्या दालनांत तैलचित्रं आहेत. यापुढे एखादं नवं चित्र स्वीकारताना स्वीकृतीच्या कागदावर दोन रकाने वाढवावेत, अशी माझी विनंती आहे: या भिंतीवर दुपारी किती लक्स उजेड असतो, आणि चित्र उतरवण्याचा अधिकार कुणाकडे आहे. दुसऱ्या रकान्यात नाव भरता येत नसेल, तर चित्र तिथे लावू नये.