पुढे ढकललेल्या दुरुस्तीवर सही कोणाची?

चाकण, रांजणगाव, वाळूज, तळोजा, भिवंडीहून आलेल्या देखभाल व सुरक्षा विभागांतील मित्रांनो,

अध्यक्ष म्हणून आज एकाच विषयावर बोलणार आहे. फोर्कलिफ्टची दुरुस्ती आपण पुढे ढकलतो, तेव्हा ती नेमकी कोणाच्या अंगावर ढकलतो?

खर्च कमी करा म्हटलं की पहिली कात्री देखभालीला लागते आणि त्यातही फोर्कलिफ्टला. सीएनसी बंद पडली की उत्पादन थांबतं, वरपर्यंत फोन जातात. फोर्कलिफ्टची चेन ताणली गेली तरी माल हलत राहतो. मग २५० तासांची सर्व्हिस ४०० तासांवर जाते. दोन पाळ्यांत चालणाऱ्या गाडीचे २५० तास महिन्याच्या आत भरतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरीही जाते, कारण बचत त्याच तिमाहीत दिसते आणि झीज कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

ती झीज पाहायची असेल तर फोर्कच्या टाचेपाशी खाली बसावं लागतं. फोर्कचा उभा भाग फारसा झिजत नाही, म्हणून मूळ जाडी तिथे मोजायची. टाच जमिनीला घासते, तिथे आताची जाडी मोजायची. ४० मिलिमीटरचा फोर्क ३६ वर आला की तो काढायचा, असा दंडक आहे. चार मिलिमीटरचं एवढं काय, असं परचेसला वाटतं. पण वाकण्याला तोंड देण्याची ताकद जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. जाडी दहा टक्के घटली की ताकद जवळजवळ वीस टक्के घटते. गाडीच्या पाटीवरचे अडीच टन मात्र तसेच राहतात आणि ऑपरेटर त्या पाटीवर विश्वास ठेवून माल उचलतो. नवी जोडी महाग म्हणून कुणी टाचेवर वेल्डिंग मारून आणतं. उष्णोपचार केलेल्या पोलादाचा गुण त्या वेल्डिंगनेच जातो. वरून रंग दिला की तपासणाऱ्यालाही पत्ता लागत नाही. ही बचत नव्हे मित्रांनो, हा धोका लपवणं आहे.

चेन तीन टक्के लांबली की बदलायची, तिथेही हीच कथा. ब्रेक आणि हायड्रॉलिक होजबद्दल या सभागृहात वेगळं सांगायला नको.

गोदामांत तर गुंता आणखी वाढतो. गाडी भाड्याची, ऑपरेटर कंत्राटदाराचा, माल तिसऱ्याचा, जागा चौथ्याची. गळणारं सिलिंडर कोणी बदलायचं, यावर ईमेल फिरत राहतात आणि उचललेल्या पॅलेटशेजारी उभा असलेला हेल्पर त्या ईमेलमध्ये कुठेच नसतो.

१९८४ साली भोपाळच्या युनियन कार्बाइडमध्ये विषारी रसायन थंड ठेवणारी यंत्रणा दुर्घटनेच्या काही महिने आधीच बंद केलेली होती. वायू जाळून टाकणाऱ्या फ्लेअर टॉवरची पाइपलाइनही जोडलेली नव्हती. त्या संहाराची तुलना कशाशीच होऊ शकत नाही. पण ‘एवढ्यात काही होत नाही’ हा विचार आपल्या शॉपफ्लोअरवरही रोज होतो. त्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली आणि यंत्रं सुरक्षित राखण्याचं कर्तव्य भोगवटादारावर स्पष्टपणे टाकलं गेलं. दुरुस्तीला दिलेल्या तोंडी नकारामुळे तेच कर्तव्य कागदावरून निसटतं. ‘पुढच्या महिन्यात बघू’ असं सांगणाऱ्याचं नाव कुठेच उरत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. फोर्क, चेन, ब्रेक आणि होज यांचे इंडेंट बजेटच्या मंजुरीसाठी अडता कामा नयेत. बाकी कामांचा इंडेंट नाकारायचा असेल, तर नाकारणाऱ्याचं नाव, तारीख आणि कारण त्या गाडीच्या लॉगबुकात लिहिलं जावं, आणि ते ऑपरेटरला वाचता यावं.

आणखी एक गोष्ट, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. ब्रेक लागत नाही म्हणून चावी जमा करणाऱ्या कंत्राटी ऑपरेटरची त्या दिवसाची हजेरी बुडते. घरभाडं आणि मुलांची फी डोळ्यांपुढे असलेला माणूस मग तक्रार न करता गाडी चालू करतो. सुरक्षेचे फलक कितीही लावले, तरी हा हिशेब बदलत नाही. नादुरुस्त गाडी थांबवणाऱ्याला पूर्ण हजेरी मिळेल, हे भाडेकरारातच लिहिलेलं हवं. दुपारच्या सत्रात नमुना कराराचा मसुदा चर्चेला येतो आहे. हे कलम त्यात घातल्याशिवाय आपण उठू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.